शिल्पाताईंचं मत

ज्यावर शिल्पाताईंचं मत नाही अशी गोष्ट लातुरात शोधून सापडली नसती. नोकरीवाल्या बाईच्या हातच्या भाजीला चव नसते. क्लाससाठी आलेली बाहेरगावची पोरं क्लासात बिघडत नाहीत, मेसमध्ये बिघडतात. कुणी घर बांधलं की जिना चुकीच्या बाजूला निघालेला असायचा आणि कुणी गेलं की डॉक्टर चुकीचा गाठलेला असायचा. हे सगळं त्या शेंगा सोलता सोलता बोलावं इतक्या सहज बोलायच्या. त्यामुळं ऐकणाऱ्याला ते खरंच वाटायचं. एवढ्या आरामात कुणी खोटं बोलत नाही, असा लोकांचा समज असतो.

सरोजिनी त्यांची वहिनी. ती नांदेडला एका खासगी शाळेत गणित शिकवायची आणि तिचा नवरा अंबरीश बँकेत होता. सासरे रेणुकादास, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. काही वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं तेवढं हळूहळू परत आलं, पाय मात्र आला नाही. शाळेत जाण्याआधी सरोजिनी त्यांना उठवून पुसायची, कपडे बदलायची, चहा-नाश्ता भरवायची. दुपारी कामाला ठेवलेली सरजाबाई येऊन त्यांना जेवू घालायची आणि जाताना फ्लॅटच्या दाराला बाहेरून कडी लावायची. एकदा अण्णा वॉकर घेऊन जिन्यापर्यंत गेले होते आणि पडता पडता वाचले होते. तेव्हापासून ही कडी. संध्याकाळी सरोजिनी आली की कडी निघायची.

वैशाखात रेणापूरला चुलतदिराच्या मुलाची मुंज होती. अण्णांना नेणं शक्य नव्हतं, म्हणून सरजाबाईला दिवसभर घरी बसवून सरोजिनी एकटीच गेली. पंगत उठल्यावर अण्णांसाठी डबा भरून घ्यावा म्हणून ती मांडवाच्या मागं आचाऱ्यांकडे गेली. कनातीच्या पलीकडं शिल्पाताई बसल्या होत्या आणि त्यांच्या भोवती भावकीतल्या पाच-सहा बायका होत्या.

"अण्णांचे हाल बघवत नाहीत गं," शिल्पाताई सांगत होत्या. "वहिनी शाळेत, दादा बँकेत. म्हातारं माणूस दिवसभर कोंडलेलं. सकाळी एक पोळी टाकतात पुढ्यात, रात्री ताकभात. मी असते ना, तर तळहातावरच्या फोडासारखं जपलं असतं."

"मग घेऊन का येत नाहीस?" एकीनं विचारलं.

"देतील का ते? लोक काय म्हणतील याची भीती ना! मनापासून केलं की कुणाचं काही जड जात नाही बघ. यांना सगळ्याचं ओझंच होतं."

सरोजिनीच्या हातात उघडा डबा होता आणि आचारी त्यात मसालेभात घालत होता. त्या दिवशी पहाटे तिनं अण्णांची चादर दोनदा बदलली होती. तिच्या मनात आलं, कनात बाजूला सारावी आणि डबा शिल्पाताईंच्या डोक्यावर पालथा करावा. पण तिनं झाकण लावलं. निघताना अहमदपूरच्या गोदाकाकूंनी, म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावजयीनं, दोन लाडू तिच्या हातात कोंबले आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "म्हाताऱ्याला पोटभर घालत जा गं माय. पुण्य लागतं."

तिथून ते बोलणं पसरत गेलं. शाळेत मुज्तबा सर होते, लातूरचेच, अतिशय सज्जन माणूस. त्यांनी एकदा स्टाफरूममध्ये अगदी काळजीनं विचारलं, "मॅडम, घरी सासरे एकटेच असतात म्हणे? काही मदत लागली तर सांगा हं." सरोजिनीला तिथं बसवेना. मग दिवाळीच्या सुमारास एक पुतण्या घरी आला. तो अण्णांच्या कानाशी तोंड नेऊन, ते बहिरे असल्यासारखं ओरडला, "अण्णा, जेवलात का?" आणि पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यावरचं झाकण उचलून बघून आला. अण्णांनी तोंड भिंतीकडं केलं. तो गेल्यावर म्हणाले, "सूनबाई, उभा जन्म मी दुसऱ्यांचे बयान लिहिले. माझं बयान कुणी घेतलंच नाही. परस्पर फैसला झाला, मी भिकारी हाय म्हणून."

सरोजिनीनं अंबरीशला सांगितलं. तो मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "शिल्पीचा स्वभावच तसा. ती काय मनात धरून बोलते? सहज बोलते."

"मनात धरून बोलली असती तर मी माफ केलं असतं," सरोजिनी म्हणाली.

त्या दिवशी तिनं ठरवलं. घाई केली नाही. शिल्पाताईंच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू मोठं असतं आणि सगळी गल्ली, भिशीच्या बायका, भावकीतल्या सुना त्याला येतात, हे तिला ठाऊक होतं. ती त्या दिवसाची वाट बघत राहिली. अंबरीशला एवढंच म्हणाली की अण्णांना चार दिवस लेकीकडं सोडून येते. त्याला बरंच वाटलं.

अण्णांना मात्र तिनं खरं सांगितलं. "अण्णा, लातूरला जायचं. शिल्पाताईंना तुमची सेवा करायची आहे."

"कोणाला?" अण्णांनी विचारलं आणि मग त्यांच्या तोंडाची चांगली बाजू हळूच वर गेली. किती तरी महिन्यांनी ते हसत होते. "बरं. चल. लेक बोलावते तर बापानं न्हाई म्हणू न्हाई."

सरजाबाईला सोबत घेऊन तिनं गाडी काढली. डिकीत वॉकर, कमोडची खुर्ची, रबरी चादरी, औषधांची पिशवी. शिल्पाताईंच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा हळदीकुंकू अगदी रंगात आलं होतं. पोर्चमध्ये चपलांचा ढीग, हॉलमध्ये काळ्या साड्या, अत्तरदाणी फिरत होती. सरोजिनी आणि सरजाबाईनं दोन्ही बाजूंनी धरून अण्णांना आत आणलं आणि बरोब्बर मधल्या सोफ्यावर बसवलं. अत्तरदाणी फिरायची थांबली.

"अगं बाई, वहिनी! असं अचानक?" शिल्पाताईंच्या हातात तिळगुळाची वाटी तशीच राहिली.

"अचानक कसं?" सरोजिनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता तिचा. "रेणापूरच्या मुंजीत तुम्हीच म्हणालात, मी असते तर अण्णांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं असतं. मी कनातीमागंच उभी होते. ऐकलं आणि डोळे उघडले बघा माझे. आम्ही दोघं नोकरीवाले, अण्णांचे हाल होतात. लेकीचं मन एवढं तुटत असताना आम्ही त्यांना अडवून धरायचं म्हणजे पापच. आजपासून अण्णा तुमचे."

शिल्पाताईंचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्यांनी काही तरी बोलायला तोंड उघडलं, पण भोवतीच्या बायकांनी वेळच दिला नाही. एक म्हणाली, "भाग्य लागतं हो, बापाची सेवा घडायला." दुसरीनं दोघांचा फोटो काढला. तिसरी डोळे पुसायला लागली. अण्णांनी चांगला हात उचलून लेकीच्या डोक्यावर ठेवला, हलव्याचे दोन दाणे तोंडात टाकले आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांदेखत विचारलं, "शिल्पे, माझी खोली कोणती?"

सरोजिनीनं वाण घेतलं, तिळगूळ घेतला. "गोड बोला," शिल्पाताई कशाबशा म्हणाल्या. "तुम्हीपण," सरोजिनी म्हणाली. गोळ्या कधी द्यायच्या ते तिनं सावकाश समजावून सांगितलं. शिल्पाताईंचे यजमान यज्ञेशराव औषधांच्या दुकानातून तेवढ्यात घरी आले. दारातली कमोडची खुर्ची बघून ते चप्पल न काढता उभेच राहिले. त्यांनाही तिनं वाकून नमस्कार केला.

परतीच्या वाटेवर लोहा मागं पडल्यावर सरजाबाई म्हणाली, "बाई, बेस केलं. पर म्हाताऱ्या माणसाला असं दारात सोडून आलो, पाप न्हाई न्हवं लागायचं?"

"लागू दे," सरोजिनी म्हणाली.

अंबरीशला आठवड्याभरात कळलं की चार दिवस म्हणजे चार दिवस नव्हेत. तो चिडला. "माझ्या बापाला तू सूड उगवायला वापरलंस?"

"हो," ती म्हणाली. त्याला वाटलं होतं ती नाही म्हणेल, रडेल, समजावेल. ती उत्तरपत्रिका तपासत राहिली. "तुम्हाला पटत नसेल तर घेऊन या. फक्त सकाळचं सगळं तुम्ही करायचं. मी बोट लावणार नाही." अंबरीश दोन दिवस घुश्शात राहिला. अण्णांना आणायचं नाव मात्र त्यानं काढलं नाही.

मग लातूरहून फोन यायला लागले. पहिल्यांदा शिल्पाताईंचा आवाज मधात बुडवलेला होता. अण्णा काय छान रमलेत! नंतर मध आटत गेला. "वहिनी, अण्णा रात्री सारखे हाका मारतात हो." "वहिनी, त्यांना रोज वेगळा नाश्ता लागतो. तिकडं पण असंच?" तिकडं अण्णा ताटात पडेल ते खायचे. सरोजिनीला हसू आलं. "तिकडं काय, एक पोळी टाकायचो पुढ्यात," ती म्हणाली. पुढच्या फोनला शिल्पाताई रडवेल्या होत्या. अंथरूण धुऊन कंबर गेली, भिशीला जाणं बंद झालं, यज्ञेशराव जेवायला दुकानातच डबा मागवतात. सरोजिनीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मनापासून केलं की जड जात नाही, ताई." फोन ठेवल्यावर तिनं स्वतःसाठी आलं घालून चहा केला आणि गॅलरीत बसून प्यायली. चहा इतका चांगला लागला की तिनं परत ठेवला.

पण तिला हवं होतं ते अजून मिळालं नव्हतं. ते गोदाकाकूंच्या फोननं मिळालं. काकू लातूरला डोळे तपासायला गेल्या होत्या आणि शिल्पाताईंकडेच उतरल्या होत्या. "सरोजिनी, अगं खोलीत वास मारून राहिलाय. शिल्पीला काय जमत नाही. बोलायला शूर नुसती. हळदीकुंकवाला डोळे पुसणाऱ्या बायका आता बाहेर काय काय बोलून राहिल्यात म्हणतेस! तुझ्याकडं बरे होते गं अण्णा. रविवारी ये एकदा."

त्या शेवटून दुसऱ्या वाक्यासाठी सरोजिनी वैशाखापासून तहानलेली होती. रविवारी ती गेली.

शिल्पाताईंच्या हॉलमध्ये समोरच्या घरातल्या दोघी येऊन बसल्या होत्या, गोदाकाकू होत्या. शिल्पाताई केस कसेबसे बांधून चहा देत होत्या आणि त्यांच्या हातांना फिनाइलचा वास येत होता. एक शेजारीण म्हणत होती, "तुम्ही त्यांना कुशीवर वळवत नाही का? माझ्या सासूबाईंना तर मी दर दोन तासांनी वळवायची." दुसरी म्हणाली, "थोडे वाळलेत हो. मी असते तर नाचणीचं सत्त्व दिलं असतं." गोदाकाकू म्हणाल्या, "सून नोकरी करून सांभाळत होती, हिला घरी बसून जमेना."

शिल्पाताईंनी सरोजिनीकडं बघितलं. एक शब्द तिनं टाकला असता तर पुरे होतं. असं बोलू नका, त्यांचं त्यांना माहीत, एवढंसुद्धा. सरोजिनीनं बशीतला चिवडा उचलला आणि दाणे वेगळे काढून एकेक खात राहिली. तिला आपल्याच घशात गोड गोड काही तरी उतरतंय असं वाटलं आणि त्याची लाज वाटली नाही.

शिल्पाताई तिचा हात धरून तिला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. दार लोटलं आणि ओट्याला टेकून रडायला लागल्या. "चुकलं माझं, वहिनी. बोलून गेले. पाया पडते, पण अण्णांना घेऊन जा."

"इथं बोलला होतात का तुम्ही?"

"काय?"

"रेणापुरात माझ्याबद्दल बोललात ते स्वयंपाकघरात, दार लावून बोलला होतात का? जिथं बोललात तिथं जाणं काही आता होत नाही. पण काकू बाहेर बसल्यात. त्या एकट्या सगळ्या भावकीला पुरतात."

शिल्पाताईंनी तिच्याकडं बघितलं. हिला आपण इतकी वर्षं ओळखत होतो की नाही, असा काहीसा तो चेहरा होता. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं, बाहेर गेल्या आणि उभ्या राहूनच म्हणाल्या, "काकू, वहिनींनी अण्णांना उपाशी ठेवलं, हाल केले, असं मी जे बोलले ते बघून बोलले नव्हते. मनानंच बोलले. त्यांनी जेवढं केलं तेवढं मला तीन आठवडे पण जमलं नाही."

शेजारणी चहाच्या कपात बघायला लागल्या. गोदाकाकूंनी तोंडाला पदर लावला, पण त्यांचे डोळे चमकत होते. उद्या किती फोन करायचे, याची जुळणी तिथंच चालू झाली असावी.

"बरं ताई," सरोजिनी म्हणाली. "मी अण्णांची तयारी करते."

अण्णांची खोली अंगणाच्या बाजूला होती. दार सताड उघडं. ते उशीला टेकून बसले होते आणि पलंगाशी खुर्ची घेऊन लालमहंमदचाचा बसले होते. चाचा पूर्वी अण्णांच्याच कोर्टाबाहेर अर्ज लिहून द्यायचे आणि आता समोरच्याच गल्लीत मुलाकडं राहायचे. ते उर्दू पेपरातली बातमी मोठ्यानं वाचत होते आणि अण्णा मध्येच थांबवून एखादा शब्द दुरुस्त करत होते. अण्णा वाळले होते, दाढी वाढली होती, चादर मळकी होती. हे सगळं सरोजिनीनं एका नजरेत टिपलं.

"झालं का तुझं?" अण्णांनी विचारलं.

"झालं, अण्णा. सगळ्यांसमोर कबूल केलं त्यांनी."

"ऐकलं मी. माझं पण झालं. ती पोरगी रडली तेव्हा वाईट वाटलं, पण अगोदर बरं वाटलं. खोटं कशाला बोलू." ते थोडे थांबले. त्यांना लांब बोलताना दम लागायचा. "पण मी येत नाही, सूनबाई."

पिशवीत घडी घालायला घेतलेला सदरा सरोजिनीच्या हातात राहिला.

"इथं दार उघडं असतं. माणसं जाताना दिसतात. भाजीवाला पण दोन शब्द बोलतो. लालमहंमद रोज येतो. तिथं मला भिंत दिसते." अण्णा तिच्याकडं न बघता बोलत होते. "तू केलंस तेवढं पोटच्या पोरीनं न्हाई केलं, हे मी कुठंबी सांगीन. पण शिल्पी एक खरं बोलली होती. कडी लागायची, बाई."

लालमहंमदचाचांनी पेपराची घडी केली आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले. सरोजिनी पलंगाच्या कडेला बसली. तुम्ही पडला असता, मी काय करणार होते, हे सगळं तिच्या ओठांवर आलं. अण्णांनाही ते ठाऊक होतं, म्हणून ती ते बोललीच नाही.

दारात शिल्पाताई येऊन उभ्या होत्या. "अण्णा, अहो, वहिनी न्यायला आल्यात ना," त्या म्हणाल्या. आवाज चिरकला होता.

"ती न्यायला आली असंल. मी जायला निघालो नाही," अण्णा म्हणाले. कोर्टात पुढची तारीख सांगावी तसं.

शिल्पाताई दाराच्या चौकटीला धरून खालीच बसल्या. इतकं नुकसान सरोजिनीनं योजलं नव्हतं. तिला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, पण त्याच वेळी कडीचं बोलणं टोचत राहिलं आणि या दोन्हींत जास्त कोणतं, ते तिला ठरवता येईना. तिनं नवी चादर मागून घेतली, अण्णांना कुशीवर वळवलं आणि चादर बदलली. त्यांची दाढी केली. शिल्पाताईंना जवळ बोलावून पाठीखाली हात कसा घालायचा ते दाखवलं, एकदा नाही, तीन-चारदा. शिल्पाताई मुकाट्यानं शिकल्या. मलप्पा नावाचा एक माणूस दवाखान्यांत रुग्णांचं करायचा. त्याला सकाळी बोलवायचं आणि अंबरीशनं दर शनिवार-रविवारी येऊन राहायचं, असं तिनं ठरवून टाकलं. अंबरीशला विचारलं नाही.

शिल्पाताईंनी जेवून जा म्हटलं नाही. सरोजिनी गाडीत बसताना "येते" म्हणाली तेव्हा शिल्पाताई "हं" म्हणाल्या. पुढच्या कितीतरी सणांना त्यांच्यात एवढंच बोलणं होणार होतं, हे सरोजिनीला तिथंच कळलं.

गोदाकाकू अहमदपूरपर्यंत सोबत होत्या. गाडी चाकूर ओलांडेपर्यंत त्या शिल्पाताईंच्या स्वयंपाकाबद्दल बोलल्या, यज्ञेशरावांच्या दुकानाबद्दल बोलल्या. मग त्यांनी पाय वर घेतले, नीट मांडी घातली आणि म्हणाल्या, "पण काही म्हण सरोजिनी, आता लोक बोलतील बघ. सुनेनं म्हातारं लेकीच्या गळ्यात टाकलं आणि मोकळी झाली म्हणतील."

"म्हणू द्या, काकू. फक्त कोण म्हणतं ते मला कळवा."

"कळवून काय करणार गं?"

"त्यांच्याकडं एखादी खोली रिकामी असेल ना. उन्हाळ्यात अण्णांना हवापालट होईल."

गोदाकाकूंच्या अहमदपूरच्या घरात दोन खोल्या कुलूपबंद होत्या. मुलं दोन्ही पुण्याला. त्यांनी सरोजिनीकडं तिरकं बघितलं. ती समोर रस्ता बघत गाडी चालवत होती, चेहऱ्यावर काही नव्हतं.

काकूंनी खिडकीची काच खाली केली. "यंदा हरभरा बरा दिसतो," त्या म्हणाल्या, आणि अहमदपूर येईपर्यंत त्यांनी हरभरा सोडला नाही.